पुढचा खांदा

एकोणीसशे एकोणपन्नास साल. मी तेवीस वर्षांचा होतो आणि पोलिसात शिपाई होतो. आधी संस्थानचा शिपाई होतो, मग संस्थान गेलं आणि तोच शिपाई सरकारचा झाला. खाकी तीच राहिली, पट्ट्यावरचं चिन्ह तेवढं बदललं. माझं शिक्षण मराठी तिसरी, तीही अर्धी. तरी हे मी कुणाकडून लिहून घेत नाही, माझ्या हातानं लिहितो. गावात हल्ली पोरं बोलतात की शिवराम जमादारानं देवाच्या नावावर खाजणकरांना धरून दिलं. ती पोरं तेव्हा जन्माला आली नव्हती. मी तिथं होतो. ज्याला पटेल त्यानं वाचावं, न पटेल त्यानं ठेवून द्यावं.

शिवराम जमादार आमच्या चौकीचे मुख्य. आमच्याच गावचे. बुटके, मान जाड, चालताना पाय बाहेर पडायचे, बदकासारखे. होडीत चढायच्या आधी बूट काढून दोऱ्यांना गाठ मारून गळ्यात अडकवायचे. एवढा मोठा जमादार, छातीवर बूट लोंबताहेत, आणि तसाच चिखल तुडवत कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहणार. नवीन शिपाई हसले की म्हणायचे, "बूट सरकारचे हाईत, पाय माझे हाईत. सरकारचा माल भिजवायचा न्हाय."

खिशात पितळी अडकित्ता. सुपारी श्रीवर्धनची लागायची, दुसरी कुणी दिली तर वास घेऊन परत करायचे. स्वतः थोडी खायचे, वाटायचे जास्त. ज्याला पकडायला गेलो त्यालाही आधी सुपारी. ती तो चघळायला लागला की मग वॉरंटाची गोष्ट. त्यांचं म्हणणं, तोंडात सुपारी असलेला माणूस पळत नाही. माझ्या देखत दोघे पळाले. तेव्हा म्हणाले, सुपारी कोवळी होती.

साधू नव्हते. रागीट होते, हात चालायचा. मी नवा होतो तेव्हा एका चोराला बेडी घालताना त्याची कातडी चिमट्यात सापडली. तो ओरडला, मला हसू आलं. जमादारांनी त्या चोरासमोर माझ्या थोबाडीत दिली. कान दोन दिवस वाजत होता. मग शांतपणे म्हणाले, "बांधला की माणूस आपल्या पदरात पडला, पांड्या. आता त्याला ओरखडा आला तर तो तुझा ओरखडा." पुढं पुढं तर त्यांनी बेडी वापरणंच सोडलं. कमरेला एक तांबडा पंचा असायचा, त्यानं हात बांधायचे. बेडी चौकीत खिळ्याला टांगून गंजून गेली.

आता खाजणकरांचं. आमच्या खाडीच्या कडेला तिवरांची दलदल आहे, तिला खाजण म्हणतात. भरतीला पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. त्या खाजणात एका उंचवट्यावर त्यांची घरं होती. बापजाद्यांपासून धंदा एकच, खाडीत शिरणारे मचवे लुटायचे, सुपारी, तांदूळ, कापड, जे असेल ते. कधी बागायतदारांच्या घरावरही पडायचे. खाडीच्या अलीकडे नबाबाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं. अलीकडे लूट केली की पलीकडे सासुरवाडीला झोपायला जायचं. पलीकडे केली की अलीकडे. अलीकडच्या पोलिसानं तिकडं जायचं नाही, तिकडच्यानं इकडं यायचं नाही. खाडीच्या मध्यावर एक काळा खडक आहे, ती हद्द.

त्यांचा मुख्य बाळा खाजणकर. उंच, अंगानं वाळका, आवाज मात्र ढोलासारखा. आम्ही खडकापर्यंत पाठलाग करायचो आणि वल्ही थांबवायचो. बाळा खडकाच्या पलीकडे होडी फिरवून आमच्याकडे तोंड करून बसायचा.

"जमादार, या की इकडं पान खायला."

"तुझ्या तिकडच्या साहेबाचं आवतण न्हाय."

"आवतण माझं हाय."

"तुझ्या आवतणाला आलो तर माझी भाकरी जायची. मग तुझ्या होडीत वल्ही मारायला ठेवशील काय मला?"

"न्हाय बाबा. तुमचं पोट मोठं, होडी बुडंल."

दोन्ही होड्यांतली माणसं हसायची. जमादार एक सुपारी भिरकावायचे, बाळा वरच्या वर झेलायचा. मग आम्ही परत. हे मी स्वतः तीनदा तरी पाहिलं.

पण म्हणून बाळा भला माणूस होता असं कुणी समजू नये. एकदा बागायतदाराच्या घरात शिरले आणि त्यांच्यातल्या एकानं म्हातारीची नथ ओढली. नाकपुडी फाटली. जमादारांनी त्या म्हातारीला पाठीवर घेतली आणि श्रीवर्धनला डॉक्टरकडे पोचवली, वाटेत कुणाला खांदा बदलू दिला नाही. नंतरच्या खेपेला खडकाशी हसणं झालं नाही. जमादारांनी एवढंच विचारलं, नथ कुणी ओढली. बाळा म्हणाला, ज्यानं ओढली त्याचा हात मी मोडलाय. जमादार म्हणाले, "कुठला हात?" बाळा म्हणाला, उजवा. जमादारांनी मान हलवली आणि होडी वळवायला सांगितली. त्या दिवशी सुपारी फेकली नाही.

मग संस्थान विलीन झालं. खाडीच्या दोन्ही काठांना एकच सरकार, एकच पोलीस. खाजणकरांच्या हे कानावर आलं होतं, पण मनात उतरलं नव्हतं. एकोणपन्नासच्या शिमग्याआधी त्यांनी एक मचवा लुटला, त्यात मचव्यावरचा एक खलाशी पाण्यात पडून मेला. आम्ही पाठीवर गेलो. खडक आला. बाळानं नेहमीसारखी होडी फिरवली आणि वल्ही आत घेतली. आमच्या वल्हेकऱ्यांनीही सवयीनं हात थांबवले. जमादार म्हणाले, "मारा." कुणी हललं नाही. "मारा म्हनलं ना." आमची होडी खडकाच्या पलीकडे गेली. 

बाळा म्हणाला, "जमादार, खडक मागं राह्यला."

"खडक हाय तिथंच हाय. हद्द राह्यली न्हाय."

बाळाच्या पायाशी कोयता होता. तो त्यानं उचलला नाही. जमादारांनी अडकित्ता काढला, सुपारी फोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. मग जे सांगायचं ते सांगितलं. नवीन साहेब आलाय, घाटावरून बंदूकवाली तुकडी घेऊन. दोन गावांपलीकडे त्यांनी एक वस्ती जाळली. ते बोलायला येत नाहीत.

"तू माझ्या हातात ये," जमादार म्हणाले. "समद्यांना घेऊन ये. कोर्टात उभा करीन. वर्षं पडतील, पन जीव राहील. पोरगा मोठा झालेला बघशील."

 बाळाला चार वर्षांचा एक मुलगा होता, केशव.

"शिमगा झाला की येतो," तो म्हणाला. "पुढचा खांदा आमचा हाय. पालखी सहाणेवर बसली की तुमच्या म्होरं हात करीन."

"आण घे."

"मी मानकरी हाय. आण कशाला?"

इथं आमच्या गावची रीत सांगायला हवी. शिमग्याला भैरीची पालखी देवळातून निघते, घरोघर जाते आणि शेवटी बंदरावरच्या सहाणेवर बसते. सहाण म्हणजे देव बसवायचा दगडी चौथरा. एकदा उचललेली पालखी सहाणेवर टेकेपर्यंत जमिनीला लागू द्यायची नाही, काय वाटेल ते होवो. आणि पुढचे दोन खांदे खाजणकरांचे. देवाचा मुखवटा त्यांच्या कुणा पूर्वजाला चिखलात सापडला, म्हणून तो मान. वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मोडणारे गावकरी त्या एका दिवशी त्यांच्यासाठी पालखी थांबवून धरायचे. पालखी कुठल्या घरात न्यायची तेही पुढचा खांदा ठरवणार.

जमादारांनी ही सगळी बोलणी साहेबाच्या कानावर घातली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. साहेब तरुण होता, हळू बोलायचा. त्यानं सगळं ऐकलं आणि दोनच गोष्टी विचारल्या, पालखी सहाणेकडे केव्हा उतरते आणि तेव्हा पाणी कुठं असतं. जमादार म्हणाले, दिवस कलल्यावर, ओहोटीला. साहेब ठीक आहे म्हणाला. बाहेर येऊन जमादार मला म्हणाले, "ऐकून घेतलंन्. मानूस बरा हाय." मलाही तसंच वाटलं.

शिमग्याच्या दिवशी दुपारच्या भरतीला खाजणकर होड्यांनी आले. धुतलेली धोतरं, डोक्याला नवे रुमाल. कुणाच्या कमरेला कोयता नव्हता, मानाला हत्यार चालत नाही. बाळा आणि त्याचा धाकटा भाऊ महादू पुढं लागले, मागं गावातले दोघे. जमादार गणवेशात, पालखीच्या बाजूनं चालत होते. मी ढोलवाल्यांच्या मागं. घरं झाली. दिवस कलला. पालखी बंदराच्या वाटेला लागली आणि दोन्ही बाजूंच्या सुपारीच्या बागांतून तुकडी बाहेर आली.

शिट्टी झाली. पहिला बार हवेत काढला असं रिपोर्टात आहे. लोक पळाले. खाजणकर होड्यांकडे धावले. ओहोटीनं होड्या चिखलात बसल्या होत्या आणि वाटेत चिखल. चिखलात पळता येत नाही. पाय काढावा लागतो, मग दुसरा काढावा लागतो. ते पाय काढत होते तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या. काही जण पडले तेही उभ्यानंच पडल्यासारखे, कारण पाय रुतलेले होते.

मागचे दोघे गावकरी पालखी सोडून पळाले. पालखी मागं कलली, मुखवटा सरकला. बाळा आणि महादूच्या एका हाताला बाग होती, तिथली तुकडी होड्यांमागं चिखलाकडे गेली होती. दांडा सोडून दिला असता तर दोन ढांगांत बागेत, आणि बागेतून डोंगरात. मी ते अंतर पुढं अनेक वर्षं पाहिलं आहे. त्यांनी दांडा सोडला नाही. पालखी उचललेली होती.

बाळा पुढं बघतच ओरडला, "मागं कोन हाय?"

जमादारांनी टोपी फेकली आणि मागच्या दांड्याखाली खांदा घातला. "मी हाय. चल."

तिघांनी ती पालखी सहाणेवर नेली. मागं एकटे जमादार, त्यांचे पाय बाहेर पडत होते, मान लाल झाली होती. तुकडीतले शिपाई बंदुका रोखून बाजूनं चालले. वाजंत्री नव्हती. पालखी टेकली. बाळानं मुखवटा सरळ केला, फूल पडलं होतं ते परत वर ठेवलं. मग वळला आणि दोन्ही हात पुढं केले.

जमादारांनी कमरेचा पंचा सोडला आणि त्याचे हात बांधले. विचारलं, "आवळत न्हाय ना?"

बाळा म्हणाला, "मी हात केले. आता तुमी काय करता ते बघू."

महादूला तुकडीनं बेडी घातली. साहेब आला. दोघांना लाँचवर घ्या म्हणाला, आणि जमादारांना म्हणाला, तुम्ही गाव सांभाळा.

"साहेब, कैदी माझा हाय. मी संगती येतो."

"हुकूम आहे, जमादार."

जमादार वाटेत उभे राहिले. दोन शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, फार जोरानं नाही. लाँच खाडीच्या तोंडाकडे गेली. जमादार सहाणेच्या कडेवर बसले, अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला लागले. तिकडून दोन आवाज आले. थोड्यानं आणखी एक. अडकित्ता थांबला नाही. सुपारीची भुकटी होईपर्यंत ते कातरत होते. तोंडात काही टाकलं नाही. ती भुकटी त्यांनी दगडावर तशीच ठेवली.

कैद्यांनी पाण्यात उडी टाकून पळायचा प्रयत्न केला असा रिपोर्ट झाला. खाजणातली घरं त्याच संध्याकाळी जाळली, होड्या कुऱ्हाडीनं फोडल्या. बायकापोरं तिवरांत बसून होती. मला रस्त्यात पडलेले ढोल गोळा करायचं काम दिलं होतं. मी ते गोळा केले आणि देवळात नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुडदे बंदरात आणले. बाळाचे हात तसेच बांधलेले होते. जमादारांनी पंचा सोडवला, खाडीत धुतला, कुंपणावर वाळत टाकला. वाळल्यावर परत कमरेला बांधला. शेवटपर्यंत तोच पंचा होता. त्यानं पुन्हा कुणाचे हात मात्र बांधले नाहीत. चौकीतली गंजलेली बेडी तेल घालून चालू केली.

राजीनामा का दिला नाही असं मला लोक विचारतात. नाही दिला. मीही दिला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी होती, आम्ही हजर झालो. साहेबाची बदली झाली, वर कुठंतरी. जमादार पहिल्यासारखेच बूट गळ्यात अडकवून हिंडायचे. फक्त थट्टा बंद झाली आणि पकडायच्या माणसाला सुपारी द्यायचं बंद झालं.

पुढच्या शिमग्याआधी देवळात गावकी बसली. खाजणकर राहिले नाहीत, तेव्हा पुढचा खांदा दुसऱ्या घराला द्यावा असं ठरत होतं. दोन घरं तयारच होती, त्यावरून आधीच शिवीगाळ झाली होती. जमादार दाराशी उभे होते.

"बाळाला पोरगा हाय," ते म्हणाले.

"पाच वर्सांचा हाय तो. आनि त्याची आई त्याला घेऊन पलीकडं माहेरी गेली."

"मोठा होऊ दे."

"तवर काय देव देवळात ठेवायचा?"

"तवर मी धरतो. धरतो म्हनलं. घेतो न्हाय."

एक म्हातारा म्हणाला, तू कुठल्या तोंडानं धरतोस. जमादार म्हणाले, "तोंडानं न्हाय. खांद्यानं."

त्यानंतर दर शिमग्याला पुढचा खांदा त्यांचा, जोडीला गावातला कुणीतरी. उचलायच्या आधी मोठ्यानं म्हणायचे, केशव बाळा खाजणकराच्या वतीनं. काही जण तेवढ्यात थुंकायचे. जमादार ते पाहिल्यासारखं करत नसत. दरवर्षी पलीकडे बाळाच्या बायकोला, सोनाबाईला, निरोप धाडायचे की मान जागेवर आहे. उलट निरोप कधी आला नाही. पालखी त्यांच्या स्वतःच्या अंगणातही जायची, पण तेव्हा ते दांड्याखाली असायचे. नारळ द्यायला, ओवाळायला त्यांची भाची असायची. बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं.

एकोणीसशे त्रेसष्टच्या शिमग्याला मी दिघीच्या चौकीवरून रजा घेऊन आलो होतो, तिथं माझी बदली झाली होती. जमादार पेन्शनीत होते, थकले होते, दांड्याखाली हल्ली धापा टाकायचे. देवळापुढं पालखी सजली, त्यांनी पंचा खांद्यावर घडी करून ठेवला, आणि माणसं बाजूला झाली. केशव आला होता. मुंबईला गोदीत कामाला लागला होता. बापासारखाच उंच, पँट घातलेली, पायात काही नाही.

जमादारांनी त्याला ओळखायला वेळ लावला नाही. पंचा खांद्यावरून काढला.

"ये," म्हणाले. "तुझा खांदा."

केशव पुढं झाला. दांड्याखाली शिरला. पालखी उठली.

जमादार घराकडे निघाले, घाईनं, मी मागोमाग. इतक्या वर्षांनी त्यांना घरधनी म्हणून देवापुढं उभं राहायला मिळणार होतं. अंगण सारवलेलं होतं, भाचीनं रांगोळी काढली होती. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, समई लावली, सोललेला नारळ हातात घेतला आणि बेड्यापाशी जाऊन उभे राहिले. बेडं म्हणजे आमच्याकडे अंगणाचं फाटक. ते त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं. मला म्हणाले, "पोरानं खांदा बरा दिलाय. उंची हाय."

ढोल जवळ आले. पालखी बेड्यापाशी आली आणि थांबली. केशवनं जमादारांकडे बघितलं, मग उघड्या बेड्याकडे बघितलं, आणि पुढचं पाऊल सरळ रस्त्यावर टाकलं. मागचा माणूस म्हणाला, अरे हे घर राह्यलं.

"माझ्या खांद्यावरून या घरात न्हाय जायची," केशव म्हणाला.

 पुढच्या खांद्याला विचारायची रीत नाही. पालखी शेजारच्या अंगणात वळली, तिथं ओवाळणं झालं, ढोल पुढं गेले.

मला राग आला. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो त्याला, मान कुणी राखला ते. जमादार अजून बेड्यापाशीच उभे होते.

"काय सांगनार?"

"खरं ते सांगतो."

"मान त्याचा हाय. न्यायची तिथं नेईल." मग जरा थांबून म्हणाले, "आनि हात मी बांधले न्हवते काय?"

त्यांनी बेडं लावून घेतलं. ओट्यावर आले, समईची वात दोन बोटांनी विझवली. पंचा पसरून त्यावर बसले. भाची आत रडत होती, तिला म्हणाले, चहा टाक. मग हातातला नारळ माझ्यापुढं धरला.

"ने घरी. देवाला न्हाय गेला, कालवनात जाऊ दे."

मी घेतला. बेड्याबाहेर येऊन मागं बघितलं तेव्हा ते बंदराच्या दिशेला तोंड करून बसले होते. तिकडं ढोल वाजत होते, पालखी सहाणेकडे उतरत होती. अडकित्ता बाहेर काढला होता, पण सुपारी घेतली नव्हती. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळ्यात गेले. मला कळलं तेव्हा तेरावंही झालं होतं.

त्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नारळ पायरीवर फोडला. चांगला निघाला, नासका नव्हता. बायकोनं त्याचं वाटण करून बांगड्यांच्या कालवणात घातलं. मी भात खाल्ला, हात धुतले, आणि एसटी मिळाली तिनं दिघीला ड्युटीवर गेलो.